साक्षीदार कोठे उभा होता?

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक एक ठरावीक निवेदन करीत असे. पुढ्यातली पोथी जशी दिसली तशी मी उतरून काढली. ती शुद्ध असो वा अशुद्ध, दोष माझ्या माथी मारू नये, असा त्याचा आशय असे. नक्कल करणाऱ्याच्या तोंडी हे निवेदन शोभते. त्याच्यासमोर मूळ पोथी असते आणि ज्याला शंका येईल त्याला ती ताडून पाहता येते. परंतु ज्याच्यासमोर पोथी नसून जळणारे शहर आहे, किंवा अन्नावाचून मरणारा मुलूख आहे, तोही जेव्हा हेच निवेदन करू लागतो, तेव्हा थोडे थबकावे लागते. शहर विझते, मुलूख उठून जातो. ताडून पाहावयास मूळ प्रत राहत नाही. राहते ती नक्कलच, आणि पुढे तीच मूळ म्हणून चालते.

एकोणिसाव्या शतकाने ह्या निवेदनाला नवे बळ दिले. १८३९ साली पॅरिस येथे दागेर ह्याने शोधून काढलेल्या छायाचित्रणाच्या कृतीची घोषणा झाली, आणि जवळजवळ पहिल्या दिवसापासूनच ह्या विद्येविषयी असा समज रूढ झाला की, येथे चित्र मनुष्य काढीत नाही, सूर्य काढतो. चितारी खुशामत करील, बखरकार धन्याची बाजू घेईल. काचेवर पडणाऱ्या उजेडाला कोणाचा पक्ष असणार? आपल्याकडेही ही विद्या लवकर आली. १८५४ मध्ये मुंबईस छायाचित्रणाच्या हौशी मंडळींची एक संस्था निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी ह्यांनी त्या काळात ह्या कलेत नाव मिळविले. ह्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी उत्तर हिंदुस्थान पेटला, आणि उजेडाच्या ह्या निःपक्षपातीपणाची कसोटी लखनौच्या एका बागेत लागली.

फेलिचे बेआतो हा मूळचा व्हेनिसचा. क्रिमियाच्या रणभूमीवर छायाचित्रे घेऊन त्याचा हात बसलेला होता. १८५८ च्या आरंभी तो कलकत्त्यास उतरला, आणि लखनौ पुन्हा इंग्रजांच्या हाती गेले त्या सुमारास तेथे जाऊन पोचला. तेथे त्याने घेतलेल्या चित्रांपैकी सिकंदरबागेचे चित्र फार प्रसिद्ध आहे. वाजिद अली शाहाने आपल्या एका बेगमेसाठी बांधविलेली ही बाग. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी सर कॉलिन कँपबेल ह्याच्या फौजेने तटाला खिंडार पाडून ती घेतली, आणि आत कोंडले गेलेले सुमारे दोन हजार शिपाई एका दिवसात मारले गेले. बेआतोच्या चित्रात मागे तोफांनी खिळखिळी झालेली इमारत दिसते. पुढे अंगणभर कवट्या, बरगड्या व हाडे पसरलेली आहेत, आणि त्यांच्या आसपास काही हिंदी माणसे निश्चल उभी आहेत. लढाईची धूळ अजून खाली बसावयाची आहे, असा भास व्हावा अशी ती रचना आहे.

वस्तुतः मध्ये चार-पाच महिने लोटले होते. सर जॉर्ज कँपबेल (सेनापतीशी ह्याचे केवळ नामसाम्य) हा मुलकी अधिकारी त्या दिवसांत लखनौत होता. हाच पुढे बंगालचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. त्याच्या आठवणी १८९३ मध्ये प्रसिद्ध झाल्या; तीत त्याने नमूद केले आहे की, ती प्रेते रीतसर झाकून टाकलेली होती, परंतु छायाचित्रकाराने हट्ट धरून ती उघडी करविली आणि मगच आपले चित्र घेतले. हा बेआतोचा एका वेळेचा लहरीपणा होता असेही नाही. १८६० साली तो इंग्रज फौजेबरोबर चीनमध्ये गेला. तेथे ताकूचा किल्ला पडल्यावर तटावर पडलेल्या चिनी प्रेतांचा एक समूह त्याला इतका सुंदर वाटला की, आपले चित्र पुरे होईपर्यंत त्यास कोणी हात लावू नये अशी त्याने विनवणी केली, असे फौजेबरोबरच्या एका डॉक्टराने लिहून ठेविले आहे.

आता सिकंदरबागेचे हे चित्र खोटे म्हणावयाचे काय? हाडे खरी आहेत. कत्तल खरी आहे. चित्रातल्या इमारतीवरचे गोळ्यांचे व्रणही खरे. खोटी आहे ती केवळ वेळ, आणि तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट: ही हाडे येथे आपोआप अशी पडली आहेत, कोणी ती मांडलेली नाहीत, हा भास. त्या मांडणीत काय नाही हेही पाहिले पाहिजे. त्या लढाईत पडलेल्या इंग्रजांची हाडे त्यात नाहीत. त्यांना मूठमाती मिळाली होती. उघड्यावर राहण्याचा, आणि झाकल्यानंतर पुन्हा उघडे होण्याचा, प्रसंग फक्त एका बाजूच्या मृतांवर आला. उजेडाला पक्ष नसेल. परंतु उजेड कोणावर पाडावयाचा हे ठरविणाराला तो होता.

तथापि ह्याच चित्राची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. बेआतोने ही चित्रे इंग्रज गिऱ्हाइकांसाठी घेतली होती. कानपूरच्या सुडाचे समाधान त्यांस त्यात मिळत होते. आज ते चित्र पाहून कोणास असे समाधान होत असेल असे आम्हांस वाटत नाही. आज ते चित्र आपल्या कर्त्याच्याच बाजूविरुद्ध साक्ष देते. चित्र काढणाराचा हेतू त्याच्याबरोबर संपतो; चित्र मात्र राहते आणि त्याने न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे देत बसते. म्हणून अशा चित्रांस केवळ लबाडी म्हणून फेकून देता येत नाही.

ज्या दिवसांत बेआतो लखनौत आपल्या काचा तयार करीत होता, त्याच दिवसांत, म्हणजे १८५८ च्या मार्च-एप्रिलात, झांशी शहरात कोकणातला एक भिक्षुक ब्राह्मण जीव मुठीत धरून दडून बसला होता. वरसईचे विष्णुभट गोडसे हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नकोत. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या वाचला गेला आहे. आमचे लक्ष येथे वेधावयाचे आहे ते त्या ग्रंथातील हकीकतींकडे नव्हे, तर त्या सांगणारा कोठून बोलतो आहे, ह्याकडे.

गोडसे भटजी पहिल्याच पानांपासून आपली जागा सांगून मोकळे होतात. घरी कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार अशी वार्ता आली. दक्षिणा मिळेल ह्या आशेने आपण काकांसह निघालो, असे ते लिहितात. इतिहास पाहावयास ते निघालेले नव्हते. इतिहास वाटेत आडवा आला. झांशीच्या वेढ्यात आपण काय पाहिले, शहर पडल्यावर जी कत्तल झाली तीत कसे लपलो, गाठीचा पैसा कसा गेला, भीतीने काय अवस्था झाली, हे ते काही हातचे राखून न ठेवता सांगतात. राणीचे ग्रंथालय उद्ध्वस्त झाले त्याचे दुःख ते ज्या शब्दांत करितात, त्यावरून हा माणूस पोथ्यांत वाढलेला आहे हे निराळे सांगावे लागत नाही. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी दमलेली राणी त्यांना भेटते. ते पाणी काढून देऊ पाहतात, तेव्हा ब्राह्मणाला ते श्रम न देता ती स्वतः मडके घेऊन पाणी काढते. तो प्रसंग वाचताना आपण राणीकडे पाहतो, आणि तिच्याकडे भटजींच्या डोळ्यांनी पाहतो आहो हेही आपल्याला क्षणभर विसरता येत नाही. एखादा लष्करी अधिकारी तेथे असता तर त्याने घोडा पाहिला असता, तलवार पाहिली असती. ब्राह्मणाला पाणी काढू न देण्यातली मर्यादा मात्र भटजींनाच दिसावयाची.

ह्या ग्रंथात चुका आहेत. हकीकत घडल्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, केवळ स्मरणावर भिस्त ठेवून तो लिहिला गेला. बंडाची कारणे सांगताना सरकारने धर्म बुडविण्यासाठी काढलेल्या चौऱ्यांशी कलमांची जी कथा भटजी देतात, ती बाजारगप्पांच्या पलीकडची नाही. परंतु गंमत अशी की, ही बाजारगप्पही इतिहासाच्या उपयोगी पडते. त्या वेळी लोक काय खरे मानीत होते ह्याचा तो पुरावा आहे. आणि भटजी स्वतःस लोकांतलेच एक म्हणून पुढे ठेवीत असल्यामुळे आपणांस तो पुरावा तसा वाचता येतो. सर्वज्ञ इतिहासकाराचा आव आणून त्यांनी हेच लिहिले असते तर ती नुसती चूक ठरली असती.

ह्या ग्रंथाच्या छपाईची कथाही ह्याच प्रश्नाशी येऊन भिडते. भटजींना लिहावयास प्रवृत्त करणारे भारताचार्य चिंतामणराव वैद्य ह्यांनी तो १९०७ साली प्रसिद्ध केला. त्या वेळी त्यांनी भाषा सुधारली, काही मजकूर गाळला, काही बदलला. मूळ हस्तलिखितावरून यथामूल आवृत्ती निघावयास १९६६ साल उजाडावे लागले. ती महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक भटजींचा म्हणून जो आवाज ऐकत होता, त्यात वैद्यांचा सूर मिसळलेला होता. वैद्यांस ह्याबद्दल सरसकट दोष देणे आम्हांस मान्य नाही. परकी सरकारच्या अमदानीत बंडाविषयी लिहिलेला मजकूर छापणे म्हणजे निखाऱ्यावर पाय देण्यासारखे होते, आणि त्यांनी तो छापला नसता तर कदाचित तो मुळीच वाचला गेला नसता. पण जेथे भीतीने नव्हे तर सुसंस्कृत अभिरुचीने कात्री चालली, तेथे मात्र नुकसान झाले. भिक्षुकाच्या बोलीतला ओबडधोबडपणा हा त्याच्या साक्षीचाच भाग होता. झाकलेली हाडे उघडी करणे आणि उघडे बोलणे झाकणे, ह्या दोन्ही क्रियांत मूळ वस्तूला आपल्या मनाजोगती करण्याची वृत्ती एकच आहे. फरक आहे तो क्रौर्याचा, आणि तो फार मोठा आहे.

युद्धाकडून दुष्काळाकडे वळले म्हणजे हा प्रश्न अधिकच बिकट होतो. कारण युद्धातल्या प्रेताला निदान कोणी विचारावयाचे नसते, उपाशी मनुष्य मात्र जिवंत असतो आणि कॅमेऱ्याकडे पाहत असतो.

१८७६ साली पाऊस गेला. मद्रास इलाखा, म्हैसूर, निजामाचा मुलूख आणि आपल्याकडील सोलापूर, कलादगी, नगर, पुणे, सातारा हे जिल्हे त्या दुष्काळात भाजून निघाले. दोन वर्षांत मेलेल्यांची गणती लाखांनीच करावी लागते. सर रिचर्ड टेंपल ह्यास हिंदुस्थान सरकारने दुष्काळी कामांवर देखरेखीसाठी पाठविले, आणि त्याने खर्चाला आळा घालण्यासाठी मजुराला दिवसाकाठी एक रत्तल धान्य व वर आणा-अर्धा आण्याइतकी मजुरी ठरविली. तेवढ्यावर खडी फोडणाऱ्या माणसाचा देह टिकत नाही, असे मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश ह्यांनी त्याच वेळी बजावले होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, ह्यांच्या पुढाकाराने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मिळवून सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले. ते लेखन कोरडे, सनदशीर आणि फार मोलाचे आहे. त्यावर स्वतंत्र लेखच हवा.

ह्याच दुष्काळात मद्रास इलाख्यात कॅप्टन विलोबी वॉलेस हूपर नावाचा घोडदळातील अधिकारी छायाचित्रे घेत होता. हौशी पण मोठा कसबी. त्याची दुष्काळी चित्रे एकदा पाहिलेला मनुष्य ती विसरत नाही. हातापायांच्या काड्या झालेल्या, पोटे खपाटीला गेलेल्या स्त्रीपुरुषांचे व मुलांचे घोळके. त्यांना बसवून, उभे करून, कॅमेऱ्याकडे तोंडे करून एकत्र आणलेले. त्या काळी चित्र घेणे म्हणजे काय खटाटोप होता हे येथे सांगणे अवश्य आहे. काचेवर औषधी द्रव्याचा लेप द्यावा, तो ओला आहे तोवरच चित्र घ्यावे, आणि लगोलग अंधाऱ्या तंबूत नेऊन ती काच धुवावी. ह्या सर्वांस नोकरचाकर लागत, सामानाच्या पेट्या लागत, आणि स्वच्छ पाणी लागे. चित्र घेतेवेळी समोरच्या माणसाला काही क्षण हालचाल न करता राहावे लागे. हलला की चेहरा पुसट. तेव्हा ज्यांना उभे राहवत नाही अशांना ‘हलू नका’ असे कोणीतरी सांगितले असलेच पाहिजे.

आमच्या मध्यमवर्गीय घरांतल्या जुन्या तसबिरीही काही कमी रचलेल्या नसतात. आजोबांच्या हाती जे जाड पुस्तक असते ते त्यांनी वाचलेले असतेच असे नाही. शेजारची कुंडी आणि मागचा रंगविलेला पडदा हे दुकानदाराचे. परंतु ते आजोबा आपल्या खुशीने, पागोटे नीट बसवून, पैसे मोजून तेथे बसलेले असतात, आणि चित्राची प्रत घरी येते. हूपरच्या चित्रांतील माणसांचे ह्यांपैकी काहीही नव्हते. त्यांच्या चित्रांच्या प्रती विलायतेत गेल्या; सचित्र साप्ताहिकांतून अशा चित्रांवरून कोरलेले ठसे छापले गेले; त्यांनी कित्येकांना पाझर फुटला आणि मदतीचा पैसाही आला, हे नाकारता येत नाही. पण त्या माणसांची नावे कोठे नाहीत. हूपरच्या एका चित्राचा इंग्रजी मथळा फुकट मदतीस पात्र असलेल्यांविषयी आहे; त्यात योजिलेल्या शब्दाचा अर्थ ‘पात्र’ असा होतो आणि ‘वस्तू’ असाही होतो. त्या शब्दाने आपली दोन्ही कामे केली आहेत.

त्याच दुष्काळातला दुसरा एक कागद ह्याच्या शेजारी ठेवून पाहावा. २० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाई फुले ह्यांनी जुन्नर तालुक्यातील ओतूरहून जोतीरावांस पत्र पाठविले. साल सरले तरी दुष्काळ सरला नाही, माणसे व जनावरे हवालदिल झाली आहेत, लोक गाव सोडून चालले आहेत, सावकार ह्या आपत्तीचा फायदा घेत आहेत, हे त्यात आहे. परंतु पत्र तेथे थांबत नाही. सत्यशोधक मंडळींची पोलिसांनी कशी धरपकड केली, आपण कलेक्टरला काय विचारले, त्याने कसे ऐकून घेतले व माणसे सोडविली, हेही बाई सांगतात. त्या कागदात लिहिणारी बाई स्वतः हजर आहे. ती कोणाच्या बाजूची आहे हे तिने लपविलेले नाही. तिने विचारलेला प्रश्न, तिला मिळालेले उत्तर, दोन्ही नोंदलेली आहेत. कोणी म्हणेल, मग ही साक्ष एकतर्फी. असेल; परंतु तिची बाजू कोणती हे तिच्याच अक्षरात लिहिलेले असल्यामुळे वाचणाराला ते वजा करून घेता येते. हूपरच्या काचेत हूपर कोठेच नाही, म्हणून त्यातून काय वजा करावयाचे हेच कळत नाही.

हूपर चित्रात नसतो, ह्याचा अर्थ प्रसंगात नसतो असा मात्र नव्हे. हे पुढे ब्रह्मदेशात उघड झाले. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेऊन थिबा राजास पदच्युत केले (हाच दुर्दैवी राजा पुढे रत्नागिरीस नजरकैदेत राहून १९१६ मध्ये वारला). मंडालेत ‘डाकू’ म्हणून पकडलेल्या ब्रह्मी लोकांना गोळ्या घालण्याचे सत्र सुरू झाले, आणि त्याचा अंमलदार, म्हणजे प्रोव्होस्ट मार्शल, होता हाच हूपर, आता कर्नल. तोवर कोरड्या काचा निघाल्या होत्या व क्षणार्धात चित्र घेता येऊ लागले होते. १८८६ च्या जानेवारीत लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्याच्या बातमीदाराची तार झळकली: गोळी लागण्याचा नेमका क्षण पकडण्यासाठी हा अधिकारी, शिपायांनी बंदुका रोखल्यावर, आपला कॅमेरा जुळवीत बसतो, आणि कैदी तोवर तसेच ताटकळत राहतात. विलायतेत गहजब झाला, पार्लमेंटात प्रश्न निघाले, चौकशी होऊन हूपरवर ठपका आला. पुढल्याच साली, १८८७ मध्ये, ब्रह्मदेशाच्या शंभर छायाचित्रांचा त्याचा संग्रह प्रसिद्ध झाला.

ह्या प्रकरणात आणखी एक मेख आहे. तार पाठविणारा बातमीदार मॉयलन ह्याचे सेनापती प्रेंडरगास्टशी वाकडे होते. त्याच्या तारांवर चिडून सेनापतीने त्याला मंडालेतून घालवूनही दिले होते, आणि ‘टाइम्स’ने आपले वजन खर्चून त्याला परत आणविले होते. म्हणजे अमानुषपणा उघडकीस आणणाऱ्या ह्या साक्षीदाराच्या पोटातही खुन्नस होती. तेवढ्याने त्याचा आरोप लटका ठरत नाही. मंडालेतील मिशनरी कोलबेक ह्यानेही ह्या शिरकाणाविरुद्ध आवाज उठविला होता. परंतु ‘टाइम्स’चा वाचक ती तार वाचताना हे काही जाणत नव्हता. तारही एक प्रकारची काचच. तीतूनही लिहिणारा गाळला जातो.

मंडालेच्या कैद्यांच्या गोष्टीने आमचा प्रश्न अगदी टोकाला नेऊन ठेविला आहे. सामान्यतः आपण धरून चालतो की, घटना आधी आणि तिची नोंद मागून. येथे घटनाच नोंदीसाठी खोळंबली. सिकंदरबागेत मेलेल्यांना पुन्हा उठविले, मद्रासेत मरणाऱ्यांना बसविले, मंडालेत मरणालाच थांबविले.

मग अशी चित्रे घेऊच नयेत काय? असे म्हणणाऱ्या सज्जनांनी १९४३ चा बंगाल आठवावा. तेथे लोक मरत होते आणि ‘दुष्काळ’ हा शब्द सरकारदरबारी उच्चारला जात नव्हता. दुष्काळाचा कायदेशीर पुकारा शेवटपर्यंत झाला नाही. युद्धकाळ असल्यामुळे छापखान्यांवर नजर होती. अशा वेळी २२ ऑगस्ट १९४३ रोजी कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने, ज्याचे मालक व संपादकही इंग्रजच होते, रस्त्यांवर पडलेल्या भुकेकंगालांची छायाचित्रे छापली. संपादक इयन स्टीव्हन्स ह्याने हेरले होते की, शब्दांवर बंधन आहे, चित्रांचा उल्लेख नियमांत नाही. जे महिनोगणती अर्जविनंत्यांनी झाले नव्हते ते त्या पानांनी केले. दिल्लीला आणि विलायतेला आता कानांवर हात ठेवणे कठीण झाले. हूपरच्या चित्रांशी ह्या चित्रांचे बाह्य साम्य भयंकर आहे. तीच हाडे, तेच डोळे, तेच निनावीपण. फरक असा की, येथे चित्र छापणारा आपली नोकरी व आपल्या पत्राचा परवाना पणाला लावून उभा होता. चित्राच्या आत तो दिसत नाही, पण त्याने काय पत्करले हे सर्वांस ठाऊक होते.

त्याच बंगालात कम्युनिस्ट पक्षाचे पूरणचंद जोशी ह्यांनी दोन तरुणांना बरोबर नेले: छायाचित्रकार सुनील जाना आणि चित्रकार चित्तप्रसाद. दोघांचाही पुढे मुंबईशी दीर्घ संबंध आला. जानांची चित्रे पक्षाच्या पत्रांतून देशभर पोचली. चित्तप्रसादांनी १९४३ च्या नोव्हेंबरात मिदनापूर जिल्हा पालथा घातला, आणि काळ्या शाईतली रेखाटने व सोबतचा मजकूर मिळून ‘हंग्री बेंगॉल’ हे लहानसे पुस्तक केले. आम्हांस ते पुस्तक ह्या सर्व सामग्रीत निराळे वाटते. चित्राखाली ते पुष्कळदा माणसाचे नाव लिहितात, गाव लिहितात. जमीन कशी गेली, घरातले कोण मेले, कोण परागंदा झाले, हे त्या माणसाने सांगितले तसे नोंदतात. पक्ष युद्धाला पाठिंबा देत असल्याने त्याच्या लेखनाचा रोख साठेबाज व्यापाऱ्यांकडे झुकतो, हे वाचणाराने ध्यानात घ्यावे. पण तो पक्ष कोणता हे पुस्तकाने दडविलेले नाही. शिवाय रेखाटनाला वेळ लागतो. कागदावर डोळे उतरेपर्यंत समोरच्या माणसाशी बोलावे लागते, त्याच्यासमोर जमिनीवर बसावे लागते. हाताने काढलेले चित्र यंत्राने घेतलेल्यापेक्षा अधिक खरे असते, असे आमचे म्हणणे नाही. परंतु रेषेकडे पाहताच ती कोणीतरी ओढली आहे हे लहान मुलासही कळते, आणि ‘दोष माझा नव्हे’ म्हणण्याची सोय चित्रकाराला मुळातच नसते.

सरकारने त्या पुस्तकाच्या प्रती जप्त करून जाळल्या. छापलेल्या पाच हजारांपैकी एक प्रत चित्रकाराच्या कुटुंबाने जपून ठेविली होती. तिच्यावरून २०११ साली ते जसेच्या तसे पुन्हा छापले गेले, आणि मिदनापुरातल्या त्या माणसांची नावे वाचता येऊ लागली.